कळल्यापासून सुतक

अण्णा, काका गेले. कॅनडात ही बातमी फक्त मला कळवलेली आहे, आणि उद्या दुपारपर्यंत ती दुसऱ्या कुणाला कळता कामा नये, असं घरात आधीच ठरलेलं आहे. आज तुमच्या नातीचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न. वॉन शहरातला हॉल आहे, लग्न लागलं, जेवणं झाली, संध्याकाळी रिसेप्शन. मधल्या वेळात मी पार्किंगमध्ये माझ्या कामाच्या व्हॅनमध्ये बसून हे लिहितोय.

काका नागपूरला हॉस्पिटलात दाखल झाले तेव्हाच धाकट्याच्या बायकोने गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी आठवडाभर मिसिसागात सॉफ्टवेअरची नोकरी करतात, शनिवार-रविवार लग्नं लावतात. ते म्हणाले, "सुतक कळल्यापासून. कळलंच नाही तर लागायचा प्रश्न नाही." तिचा चेहरा एकदम सैल पडला. मी तिला दोष देत नाही. हॉल वर्षभर आधी बुक केलेला, माणसं व्हिसा काढून आलेली. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी नागपूरचा फॅमिली ग्रुप म्यूट केला, तिकडचे फोन उचलणं बंद केलं. मग धाकटा माझ्याकडे आला. "दादा, कुणीतरी एकाने फोन घ्यायला हवा ना. तू तर काही मानत नाहीस. तुला कळलं तर काय बिघडतं?"

"म्हणजे मी घरातला नाही?"

"तसं नाही रे. तू आमचा व्हॉइसमेल."

सगळे हसले. मीही हसलो.

पूर्वी मी भांडलो असतो. ज्या देवाला मनातलं कळतं म्हणता, त्याला म्यूट केलेला ग्रुप कळत नाही का, असं विचारलं असतं. आता कंटाळा येतो. इलेक्ट्रिशियनसमोर लोक तो भिंतीचाच भाग असल्यासारखे बोलतात, आणि माझे कान तुम्हाला माहीतच आहेत. धाकट्याच्या घरी बेसमेंटमधल्या भाडेकरू मुलीने अंडं उकडायचं नाही, कारण वर देवघर आहे. पण मागच्या अंगणात बार्बेक्यू चालतो, कारण ते घराबाहेर. आज हॉलच्या दारात गणपती आहे आणि संध्याकाळी तिथेच बार लागणार आहे, म्हणून मघाशी दोघांनी मूर्ती उचलून तिचं तोंड भिंतीकडे केलं. तुम्हीही काही फार वेगळे नव्हता. चातुर्मासात कांदा बंद, पण स्टेशनवरची भजी चालायची. प्रवासात दोष नाही म्हणायचात.

पण एक दिवस मी विसरलेलो नाही. तुमचे ते चुलतभाऊ, कुंपणावरून ज्यांच्याशी बोलणं तोडलेलं, ते गेल्याचं कार्ड आलं. त्याच दिवशी माझा निकाल लागला होता आणि मी पेढे घेऊन स्वयंपाकघरात आलो. तुम्ही पुडा वरच्या फळीवर ठेवून दिलात. मी तेव्हा नवा नवा नास्तिक, कडाडून बोललो. "जिवंतपणी त्यांचं तोंड पाहत नव्हता, आता दहा दिवस कशाला पाळायचे?" तुम्ही आवाज चढवला नाहीत. "देवाला मानू नकोस तू. पण माणूस गेलाय, एवढं जिभेला तरी कळू दे." मी तणतणत काकांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातात टेस्टर दिला. "देव आहे का ते सावकाश बघ. आधी या वायरीत करंट आहे का सांग." तो टेस्टर अजून माझ्या बॅगेत आहे. माझा सगळा धंदा त्या दुपारपासूनचा.

आज सकाळी मी टाय बांधत होतो आणि काकांच्या मुलीचा फोन आला. "दादा, बाबा गेले." मग तीच म्हणाली, "तिकडे कुणाला सांगू नकोस हं. पोरीचं लग्न नीट होऊ दे." आणि मग, "तुमच्याकडचं दुसरं कुणी फोनच उचलत नाही रे." तिला रडायला आपल्या घरातला एकच कान उरला होता, आणि तो न मानणाऱ्याचा.

हॉलवर पोचल्यावर नवरीने मला गाठलं. "काका, नागपूरचे आजोबा ओके आहेत ना? आय मीन, रिअली?"

"आता त्यांना त्रास नाही," मी म्हणालो.

"ओह, गुड," ती म्हणाली आणि फोटोला गेली.

जेवताना ताटात जिलबी आली. मी ती कडेला सारली, ठरवून नाही, हातच गेला नाही. समोर धाकटा बसला होता. लहानपणी माझ्या ताटातली जिलबी पळवणारा हाच. त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वतःची जिलबीही हळूच कडेला केली आणि पाणी प्यायला.

"अहो, आजच्या दिवशी गोड सोडता?" त्याची बायको म्हणाली.

"दोघांचीही शुगर वाढलीय," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता.

तेव्हा आता दोघांना माहीत आहे, आणि कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. उद्या मुलगी सासरी गेली की मी रीतसर सांगेन, तो रीतसर ऐकेल, आंघोळ करील आणि आधी नागपूरला फोन लावील. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्ही कुठेच नाही आहात, याबद्दल माझ्या मनात अजूनही शंका नाही. पण धाकटा भाऊ वारला की थोरल्या भावाला आधी कळवायची आपल्याकडे रीत आहे, अण्णा, आणि ती माझ्याच्याने मोडवली नाही.