माझ्या नंबरवरचे एकतीस पेशंट

डिंडोली, सुरत

आदरणीय मारुतीदादांना,

तुमच्या पाव्हण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची, कला वहिनींची आणि भजनी मंडळाची प्रकृती देवीच्या कृपेने उत्तम असेल. तुमच्या बहिणीची प्रकृती विचारत नाही, कारण शोभा गेले एकोणीस दिवस तुमच्याच ओसरीवर आहे आणि माझा फोन उचलत नाही. तुम्ही उचलता, पण दोन शब्द ऐकवून ठेवून देता. म्हणून कागदावर लिहितो आहे. हे तिला मोठ्याने वाचून दाखवावं. (सोबत घडी घातलेली चिठ्ठी मात्र नंतर, एकट्याने वाचावी.)

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बावीस वर्षं मी केसपेपर साड्यांच्या रिकाम्या खोक्यांत लावत आलो, तेही गल्लीवार. आमच्याकडे उखा नावाचे सहा लूमकामगार येतात, पण टाकीजवळचा खोकणारा उखा एकच. डॉक्टरसाहेबांना हे चालत होतं. मग उन्हाळ्यात त्यांच्या साडूंनी (साडूंना वेळ भरपूर असतो) पटवलं की थोडक्या पैशांत सगळं आधुनिक होतं. बंद पडलेल्या कुठल्याशा साडी-पेढीचा जुना कॉम्प्युटर आला. चालू केला की अजून आधी पदर उडवणारी एक बाई दिसते, मग ताप-खोकला. एक स्वस्तातला मोबाईल आला, आणि एक फुकटचं ॲप आलं. प्रसाद सोडून फुकटच्या कशालाही मी हात लावत नाही, पण मला विचारतो कोण?

त्या ॲपात मोबाईल नंबरची एक चौकट आहे. ती रिकामी ठेवली तर यंत्र पुढे सरकत नाही. आता कडोदऱ्याहून येणारा कामगार दर दिवाळीला सिम बदलतो, आणि बायकांचे फोन नवऱ्यांच्या खिशात. एक बाई (नाव सांगणार नाही) म्हणाली, "मगनभाऊ, तुमचाच टाका ना. यांना कळलं तर कंबर मोडतील, मग तिचंही औषध तुम्हालाच द्यावं लागेल." टाकला. ज्याला ज्याला घरी कळू द्यायचं नव्हतं, त्याच्या नावापुढे माझा नंबर टाकला. असे एकतीस झाले. यंत्राने मात्र एक नंबर म्हणजे एक माणूस धरला: मगन, वय अठ्ठेचाळीस. आठवड्याभरात त्या माणसाला मधुमेह, मूळव्याध, क्षय आणि पाचवा महिना लागला. डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "मगन, तारा जेवो पेशन्ट मळे क्यां?" म्हणजे तुझ्यासारखा पेशंट मिळतो कुठे!

मग संदेश येऊ लागले. "मगनभाई, पाँचवें महीने की जाँच करवा लें." शोभा दोन दिवस हसत होती, आमच्या योगिताने तर जेवताना बापापुढे कैरीचं लोणचं सरकवलं. आणि एका मंगळवारी सकाळी, मी पूजेला बसलेलो असताना, शोभाच्या हातात माझा फोन वाजला: "मगनभाई, शराब छुड़ाने की गोलियाँ कल ख़त्म होंगी. हिम्मत रखें." तिने माझ्या हातातली घंटी काढून घेतली. "हाई काय शे?" पाचवा महिना तिने यंत्राची चूक मानली, दारू मात्र माझी. पंचवीस वर्षांच्या संसारात मी आंबट ताकसुद्धा बाजूला सारत आलो, हे तिला ठाऊक आहे. मी म्हणालो, पेशंटच्या गोळ्या आहेत. "मग नाव सांगा." ते सांगता येत नाही. "मग पेशंट तुम्हीच." डॉक्टरसाहेबांनी समजावलं तर त्यांनाच म्हणाली, "साहेब, तुम्ही झाकताय," आणि पिशवी भरली.

दादा, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "पाव्हना, आमना घरमा आजलोंग कोनी थेंबले हात लायेल नही." मागे टाळ वाजत होते. मी ऐकून घेतलं. शोभा, एका माणसाने देवीची शपथ घालून माझ्याकडून शब्द घेतला आहे. तो तुझ्यापुढे मोडला तर त्या एकतीस जणांनी माझ्या तोंडाकडे कशाला पाहावं? देवासमोर बसतो तेव्हा मला माझी चूक सापडत नाही, आणि घरात आल्यावर तू सापडत नाहीस. योगिता मोबाईलवर बघून स्वयंपाक करते. डाळीत गूळ येतो. परत ये.

आपला,
मगन

ता.क. (ही ती चिठ्ठी. दार लावून वाचा.) घरात एकही लग्न नसताना बस्त्याच्या नावाने सुरतेच्या तीन खेपा करणाऱ्या माणसाचा कला वहिनींना अजून संशय कसा आला नाही, याचं मला नवल वाटतं. गोळ्या कुणाच्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या तोंडाने मला दारुड्या ठरवलंत, त्याच तोंडाने शोभाला खरं सांगा. तुम्ही घातलेली शपथ मी मोडणार नाही.

आणखी एक ता.क. (हाही चिठ्ठीतलाच.) डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांच्या नावापुढून माझा नंबर काढायला लावला आहे. ज्याचा त्याचा टाकायचा, नाहीतर नाव कमी. तुमचं औषध तुटू नये म्हणून तुमचा टाकला. पुढचा संदेश गुरुवारी सकाळी सातला येईल. त्या वेळी तुम्ही अंघोळीला असता आणि मोबाईल वहिनींच्या हातात असतो, असं शोभा एकदा बोलली होती. मी यंत्रालाही देवीची शपथ घालून पाहिली. ते ऐकत नाही. बुधवारपर्यंत वेळ आहे. गोळ्या मात्र चुकवू नका.