किनलॉक साहेबांच्या दोन शाली

अल थुमामा, दोहा
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप नानांच्या पायांशी उर्वीचा नमस्कार.

नाना, गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? आणि कपिला व्याली की अजून तुमची सगळ्यांची परीक्षाच बघते आहे? आम्ही इकडे मजेत. आई आल्यापासून एसीला शिव्या देते आणि तो बंद केला की जास्त देते. कौशिक (म्हणजे तुमचे होणारे जावई, ज्यांना अजून तुमच्यासमोर बसायची भीती वाटते) उत्तम. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर पलीकडच्या ओटीचं नाव निघालं की तुमच्याकडची रेंज जाते. म्हणून चार वर्षांनी पेन हातात घेतलंय. अक्षर गोड मानून घ्या, कारण सांगायचं इतकं आहे की हात मागे पडतोय!

नाना, मला एक माणूस भेटलाय. घाबरू नका, सत्तरीचा आहे. आमच्या लुसैलच्या ऑफिसात सल्लागार म्हणून आलेत, ॲलिस्टर किनलॉक नावाचे स्कॉटिश गृहस्थ. दोन खात्यांचं जमेना झालं की साहेबांना मध्ये नेऊन बसवतात. तिकडे ते राजकारणात होते, आणि तेही मधल्या पक्षात. मधला म्हणजे अगदी मधला. शाळेतल्या वादविवादात ते दोन्ही बाजूंनी बोलले आणि दोन्ही बाजूंनी हरले. पुढे आठ निवडणुका लढले, सात पडले आणि एक जिंकले, ती एकेचाळीस मतांनी. (तुम्ही एकच लढलात आणि एकच पडलात, तेव्हा प्रमाण पाहिलं तर फार फरक नाही.) त्या चार वर्षांतलं त्यांचं एकमेव काम म्हणजे एका बेटावरचा बोटीचा धक्का. बेटावर गावं दोन, मध्ये टेकडी, आणि प्रत्येकाला धक्का आपल्याच दारात हवा. साहेबांनी तो बरोबर मध्ये बांधला, जिथे फक्त मेंढ्या राहत होत्या. दोन्ही गावांना सारखंच चालावं लागलं, म्हणून दोन्ही गावांनी पुढच्या खेपेला साहेबांना सारखंच पाडलं. मेंढ्यांना मताचा अधिकार असता तर साहेब आज मंत्री असते. पण ऐका ना! बोट उशिरा यायची, बाहेर पाऊस, आणि धक्क्यावर शेड एकच. एकमेकांची तोंडं न बघणारी ती दोन गावं वीस वर्षं त्या एका शेडमध्ये दाटीवाटीने बसली. साहेबांच्या लुसैलच्या ड्रॉवरमध्ये तिथून आलेल्या अकरा लग्नपत्रिका आहेत. नवरा या गावचा, नवरी त्या गावची. मी स्वतः मोजल्या.

तर अशा माणसाला मी आमच्या मंडळाच्या दसरा मेळाव्याला प्रमुख पाहुणे म्हणून आणलं, अबू हमूरच्या एका हॉलमध्ये, शुक्रवारी दुपारी. परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे. मंडळाने चार मिनिटं दिली होती. पण मेळाव्याला जाताना ट्रॅफिक लागला, आणि सव्वा तासात साहेबांनी गाडीत पहिल्या मेंढीपासून सगळं आयुष्य सांगितलं. आता यातलं काय गाळायचं? मी काहीच गाळलं नाही. नाना, मी अडतीस मिनिटं बोलले! सातवा पराभव आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. (कौशिक म्हणतो, त्या जांभई दिल्यामुळे पुसत होत्या.) मग साहेब माईकपाशी आले आणि म्हणाले की या मुलीने आता फक्त माझा मृत्यू सांगायचा ठेवलाय, तोही तिलाच सांगू द्या. एवढं बोलून बसले.

खरी गंमत पुढेच. आमच्या मंडळाचे दोन माजी अध्यक्ष एकमेकांशी बोलत नाहीत. सत्कार आपल्याच हस्ते व्हावा म्हणून दोघांनी आपापली शाल आणि नारळ आणलेला. मंडळाची तोंडं पांढरी पडली. साहेबांनी दोन्ही शाली घेतल्या, एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर, आणि एकेका मांडीवर एकेक नारळ. हॉलचा एसी त्याच दिवशी रुसलेला. बाहेर अजून भट्टी. मी कानात सांगितलं की आता शाल काढली तरी चालते, तर म्हणाले, आधी कुठली काढू? अडीच तास तो माणूस दोन लोकरी शाली घेऊन लाल टोमॅटो होऊन बसला! पण नाना, शेवटी दोन्ही माजी अध्यक्ष एकाच वेळी उठले, त्यांना पाणी द्यायला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. काय बोलले? "अहो, म्हातारा मरेल ना!"

परतताना मी गाडीत रडले. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपलंही सहावंच वर्ष. एका अंगणाच्या दोन ओट्यांवर दोन सख्खे भाऊ, ग्रामपंचायतीच्या एकाच वॉर्डात दोन पॅनेलांतून उभे राहिलात, दोघेही पडलात आणि निवडून आला टेम्पोवाला, ज्याने दोघांनाही पेढे पाठवले. (त्या निवडणुकीत तुमचंच बरोबर होतं, हे मी आजवर कुणाला बोलले नाही.) बाबा गेल्यावर मला दोघांनी मिळून वाढवलं. एकाने सायकल शिकवली, दुसरा मागून पळाला. आता लग्न महिन्या-दीड महिन्यावर आलंय आणि तुम्ही दोघे आईला एकच निरोप देताय, तो असेल तर मी नाही. मग मी कुणाकडे बघून बोहल्यावर चढू?

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कौशिकच्या मित्राच्या लग्नाचा व्हिडिओ पाहायला मागितला आणि विचारलं, हे कापड धरलेले दोघे कोण? मी म्हटलं, अंतरपाट. म्हणाले, एकाने सोडला तर? मी म्हटलं, मग कसलं लग्न! खलास (म्हणजे इथल्या अरबीत ‘झालं, ठरलं’), म्हणाले, तुझा धक्का इथे बांध.

तेव्हा ठरलं ते असं. कन्यादान आई करणार, एकटी. अंतरपाटाचं एक टोक तुम्ही धरायचं, दुसरं शशिकांतकाकांनी. दोघांनाही हे सारखंच आवडणार नाही, म्हणजे साहेबांच्या हिशेबाने तोडगा अचूक आहे.

काकूंना नमस्कार, कपिलेला गूळ.

तुमची,
उर्वी

ता. क. साहेब लग्नाला येणार आहेत. शाल एकच आणा, दोघांत मिळून.

ता. क. २. पत्र घेऊन आमचे इलियासभाई येताहेत, रत्नागिरीचे. उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नाही असं त्यांना बजावलंय. चहा विचारा.

ता. क. ३. एक राहिलं. त्यांच्याकडे पाकिटं दोन आहेत. हेच पत्र शब्द न् शब्द शशिकांतकाकांनाही लिहिलंय, फक्त नावं, गुडघ्याच्या जागी पाठ आणि कपिलेच्या जागी त्यांचा कुत्रा. (होय, निवडणुकीत कुणाचं बरोबर होतं ते वाक्यही आहे.) इलियासभाईंना अंगणाच्या मधोमध उभं राहून दोन्ही पाकिटं एकदमच द्यायला सांगितलंय. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा समोरच्या ओटीवर तेही हेच वाचताहेत. नाना, मान वर करा. जो आधी हाक मारेल, त्याला फोटोग्राफरच्या बाजूचं टोक.