एकोणीस दिवस कमी

आई,

धाकट्या बुद्धप्रियासाठी घेतलेल्या सोन्याच्या बांगड्या बॅगेत शोधू नको. विमानतळावर कस्टमवाल्यांनी ठेवून घेतल्या. वर्षभर तिकडं कुवेतला राहिलेल्या बाईलाच दागिने ड्युटी, म्हणजे कर, न भरता आणू देतात. माझे एकोणीस दिवस कमी पडले. ड्युटी भरायला जवळ काही नव्हतं. तेवढे दिवस काढायचे होतेस की, असं तू म्हणशील. त्या मालकिणीच्या घरात माझ्यानं नाही काढवले.

खजूर खा, तुझ्यासाठीच आणलाय. मी नव्या पेठेत साडीच्या दुकानात काम मिळतंय का बघून येते.

बांगड्यांची पावती तांदळाच्या डब्याखाली आहे. पुन्हा कुवेतला जाताना ती दाखवली की बांगड्या मिळतील, असं कस्टमचा साहेब म्हणाला. लई चांगल्या होत्या, आई. पण त्यांच्यासाठी मला परत जा म्हणू नको.

संघप्रिया