लाल दोऱ्याचे केसपेपर

अण्णा,

काल बाजाराचा दिवस होता, म्हणजे दवाखान्यात काय गर्दी असेल ते तुम्हाला सांगायला नको. सकाळीच इस्लामपूरहून फोन आला, प्रिंटर चालत नाही. मी आता साताऱ्यात घरी बसून पाच-सहा दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते, त्यात तुमचाही आहे. तिकडचा स्क्रीन माझ्यासमोर उघडतो आणि तिकडचा बाण मी इथून हलवते. तुम्ही म्हणाला असता, भूत बसवलंस व्हय गं. निम्म्या वेळा बंद करून चालू कर एवढंच सांगायचं असतं, पण समोरच्याचा अपमान न होता ते सांगायला अंगात कला लागते.

काउंटरवरच्या मुलीने फोन स्पीकरवर ठेवला होता. मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "बाय, माज्या कागदाला लाल दोरा हुता. कंपाउंडर अण्णांनी बांधल्याला. ही सुई मला चालती का बघ की." मुलगी हसून म्हणाली, आता कागद नाहीत बाबा, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यांचीच नोंद माझ्या डोळ्यांसमोर उघडी होती. डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई लिहिली होती आणि ॲलर्जीचा रकाना कोरा होता.

बारा वर्षं झाली त्या गोष्टीला. दवाखान्यात नवे कॉम्प्युटर बसवायचं काम मला मिळालं, तेव्हा मी केवढ्या तोऱ्यात होते. दिवाळीच्या सुट्टीत एकटी बसून जुने केसपेपर स्कॅन करत होते. त्यातल्या काहींना तुम्ही कोपऱ्यात भोक पाडून लाल दोरा बांधला होता. तो मशीनमध्ये अडकायचा. मला वाटलं, ही अण्णांची गठ्ठे बांधायची पद्धत. मी कात्री घेतली आणि सगळे दोरे कापून टाकले. विचारायचं सुचलं नाही. शहाण्याला कुठे विचारावं लागतं. सुट्टी संपल्यावर तुम्ही आलात आणि कचऱ्याच्या डब्यात बघत उभे राहिलात. मग सगळ्यांसमोर म्हणालात, "इचारायचं तरी हुतंस. ज्याला ती सुई सोसत न्हाई, त्येच्या कागदाला दोरा. डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागतंय? दोरा लांबनं दिसतो."

मला तुमचाच राग आला होता. चारचौघांत बोललात म्हणून.

त्यानंतर रोज संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात वही घेऊन बसायचात. आई भाकरी थापत असायची, तुम्ही डोळे मिटून आठवायचात. नाव, गाव, कुठला मळा, कुणाची सून. अडलं की आईला विचारायचात, ती बरोबर सांगायची. एके दिवशी वही माझ्या हातात देऊन म्हणालात, ह्ये घाल तुज्या पेटीत. मी ती बॅगेत टाकली. तेव्हा प्रोग्रॅममध्ये तसा रकानाच नव्हता. पुढे रकाना आला, पण कामाच्या रगाड्यात वही कपाटात गेली ती गेलीच.

काल मी फोनवरून त्या मुलीला एवढंच म्हणाले, सुई थांबव, डॉक्टरांना बोलाव. डॉक्टरांनी औषध बदललं. म्हातारबाबा गोळ्या घेऊन बाजाराला गेले. प्रिंटरही सुरू झाला. दुपारी मी वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेक नाव भरलं. काहीजण आता नाहीत. मधल्या वर्षांत कुणाला ती सुई दिली गेली का, तेही प्रत्येकाचं उघडून पाहिलं. कुणालाच दिलेली नव्हती. याला नशीब म्हणायचं, माझी हुशारी नाही. संध्याकाळी वहीतली नावं बघून डॉक्टर म्हणाले, तुमच्या वडिलांची आठवण दांडगी हो. मी हो म्हणाले. दोरे कुणी कापले ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हे मी त्याच वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर लिहिते आहे. वहीबरोबर ते कपाटातच राहील. शेवटच्या आजारात सांगलीच्या इस्पितळात तुम्ही खाटेवर होतात, बोलताना धाप लागायची, तेव्हा एकदाच विचारलंत, "वही भरलीस न्हवं?" मी म्हणाले, व्हय अण्णा, सगळी भरली. मग तुम्ही कूस बदलून निवांत झोपलात.

ती काल भरली, अण्णा.