पक्कं करण्याचे पैसे

१२ जानेवारी, रविवार

कौमुदीला आयर्लंडची नोकरी लागली! पत्र काल आलं म्हणे, मला आज चहाबरोबर कळलं. तिथल्या एका रुग्णालयात नर्स. पगार वगैरे ठीक. पण त्याखालचं वाक्य मी चष्मा पुसून परत वाचलं — कामाचा परवाना, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळा खर्च रुग्णालय करणार. उमेदवाराने कोणालाही काहीही द्यायचं नाही.

मी विचारलं, "काहून?"

"काहून म्हणजे? उनको नर्स चाहिए, बाबा."

गरज तर रेल्वेलाही माझी होती. पण पहिल्या पोस्टिंगला जाताना ट्रंक, गादी, कंदील, सगळं माझ्या बापानेच घेऊन दिलं होतं.

कलावती दारोदार सांगत सुटली आहे. मला म्हणते, "अजी, पोट्टी चालली आयर्लंडले, अन् तुम्ही सुतक धरल्यावानी काहून बसले?"

१५ जानेवारी

सकाळी फिरताना लहानूजी भेटले. माझ्यासारखेच रेल्वेतून निवृत्त, पार्सल ऑफिसातले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होतीच.

"मास्तर, फुकट कोणी सायकलवर बसवत नाही, हे विमानात बसवते काय? माह्या भाच्यानं दुबईचे पैसे देल्ले, तवा कुठं पक्कं झालं."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. जन्मभर स्टेशन मास्तरकी केली. पुढच्या स्टेशनचा मास्तर फोनवर आपला प्रायव्हेट नंबर सांगायचा, तो मी रजिस्टरला लिहायचो, मगच लाइन क्लिअर समजून गाडी सोडायची. त्याने नुसतं 'हव, सोडा' म्हटलेलं चालत नसे. इथे तर नुसतंच 'हव, या' आहे. असं कुठे पक्कं होतं?

१८ जानेवारी

मिक्सरचा आवाज असह्य! कलावतीने चटणी वाटायला घेतली की ओसरीवरचं कुत्रं उठून चालायला लागतं. बायकांच्या बीसीत — म्हणजे महिन्याची भिशी, इथे सगळे बीसीच म्हणतात — तिचा नंबर लागला की नवा मिक्सर येणार, असं वर्षभर ऐकतो आहे. लागो एकदाचा.

२१ जानेवारी

तात्यापारा मोहल्ल्यात जाऊन आलो. भैय्यालालकडे. परदेशात पाठवण्याचं काम करतो. साड्यांच्या दुकानाच्या बाजूने जिना, वर ऑफिस. भिंतीवर विमानाचं मोठं चित्र, त्याला झेंडूचा ताजा हार. मेलेल्या माणसाला घालतात तसा.

पत्र दाखवलं. त्याने नीट वाचलंही नाही. "बाबूजी, ऐसे लेटर तो सबको आते हैं. फाइल आगे सरकानी पड़ती है. अंदर अपना आदमी है."

कुठे अंदर, ते मी विचारलं नाही. एक एफडी मोडून रक्कम नेली होती, ती दिली. पावती मागितली तर त्याने पेढा दिला.

निघताना म्हणाला, "काम होने तक घर में किसी को मत बताना. नजर लग जाती है."

आम्ही विहारात जाणारी माणसं, नजर-बिजर मानत नाही. तरी घरी सांगितलं नाही.

२२ जानेवारी

झोप छान लागली. पक्कं झालं.

२ फेब्रुवारी

कौमुदीने स्कूटी विकली. व्हिसा अजून यायचा आहे, आणि हिची घाई! विचारलं तर म्हणाली, "वहाँ थोड़ी ले जाऊँगी, बाबा." तेही खरंच. समता कॉलनीतल्या दवाखान्यात आता ई-रिक्षाने ड्यूटीला जाते. हिशेबी पोरगी. माझ्यावर गेली आहे.

कामाचा परवाना निघाल्याचं तिकडून कळलं. मी लगेच भैय्यालालला फोन करून सांगितलं. "देखा बाबूजी? बोला था ना!" — माणूस पोचलेला आहे.

१२ फेब्रुवारी

दुपारी मॉरीन बाईंचा व्हिडिओ कॉल. तिथल्या रुग्णालयात परदेशातून येणाऱ्या नर्सांचं त्या बघतात. आईवडिलांनाही भेटायचं म्हणाल्या, म्हणून आम्ही दोघं धुतले कपडे घालून मागे बसलो. कलावतीने माझ्या हातात पोह्यांची बशी दिली. कशाला, तिलाच ठाऊक.

बाई गोड बोलतात. हवापाणी झालं. मग एकदम सरळ विचारलं — या नोकरीसाठी तू किंवा घरच्यांनी कोणाला पैसे दिलेत का? एजंट, ओळखीचा, कोणीही? आमच्याकडे नोकरीचा खर्च नोकरी देणाऱ्यानेच करायचा असा नियम आहे. दिले असतील तर सांग. नंतर कळलं तर नेमणूक रद्द होते.

"नो, मॅडम. नोबडी," कौमुदी म्हणाली.

माझं इंग्रजी रेल्वेच्या रूल बुकावर वाढलेलं. शब्द न् शब्द समजला. बशी हातातच राहिली.

कलावतीने हळूच विचारलं, "काय विचारून राहिली ते बाई?"

"जेवणखाण," मी म्हटलं.

माझ्यामुळे माझी पोरगी खोटी ठरली, आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

१३ फेब्रुवारी

काल पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं आणि मी नुसते ओठ हलवले.

१७ फेब्रुवारी

भैय्यालालकडे गेलो. पैसे परत दे म्हटलं, काही नको आम्हाला.

"कौन से पैसे, बाबूजी? काम तो हो रहा है ना! दो तारीख को परमिट निकला कि नहीं?"

बघा, तारीखही माहीत आहे याला, असं म्हणत जिना उतरलो. खाली साड्यांच्या दुकानापाशी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तारीख मीच तर सांगितली होती त्याला! फोन करून! इतकी वर्षं गाड्या सोडल्या, आणि आता आपणच दिलेला नंबर परत ऐकून लाइन क्लिअर समजून बसलो. त्याचा राग आला. माझा जास्त आला.

१९ फेब्रुवारी

शेजारच्या अंजनाबाई म्हणाल्या, कलावतीची बीसी गेल्याच महिन्यात लागली. मला पत्ता नाही. घरात तोच मिक्सर. विचारलं तर म्हणते, "बोंबलते, पण काम करते ना? ठीकच हाय."

बरं. मीही कुठे सगळं सांगतो?

२४ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

आठवडाभर उलटसुलट विचार केला. गप्प राहिलो तर नोकरी राहते. पण उद्या तिथे कळलं, तर परक्या देशात पोर एकटी उघडी पडेल. सांगितलं तर ती बाईंना कळवणार, आणि नोकरी इथेच जाणार. जायची तर आई-बापाच्या दारात जावी.

ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. कलावती बाजूला तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "कौमुदी, म्या भैय्यालालले पैसे देल्ले. तुह्या नोकरीचे."

इस्त्री थांबली नाही. कॉलर झाली, बाह्या झाल्या. एरवी ही माझ्याशी हिंदीत बोलते. आज मराठीत बोलली.

"मीपण देल्ले, बाबा. स्कूटीचे."

"त्यालेच?"

"त्यालेच. घरी सांगू नको म्हणे, नजर लागते. त्या पत्रावर विश्वासच बसत नव्हता."

म्हणजे त्या दिवशी ती जाणूनबुजून नाही म्हणाली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी हायसं वाटलं, की मी एकटाच मूर्ख नाही. त्याची मग लाज वाटली.

कलावती आता आम्हा दोघांना सोलून काढणार, असं वाटलं होतं. ती निवडलेले तांदूळ परत निवडत बसली.

कौमुदीने लगेच मॉरीन बाईंना लिहिलं — दोघांचंही, आणि ती खोटं बोलली तेही. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, पाठव.

२८ फेब्रुवारी

उत्तर नाही.

४ मार्च

नाही. लहानूजींनी विचारलं, "पोट्टी कधी उडून राहिली?" मी रस्ता बदलला. पोरीने सहा वर्षं रात्रपाळ्या करून मिळवलेलं मी एका पेढ्यावर घालवलं. तिच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

७ मार्च

उत्तर आलं. जागा शाबूत! स्वतःहून सांगितलं हे जमेस धरलं, म्हणतात. आम्ही दिलेले पैसे रुग्णालय भरून देणार, म्हणजे हा खर्चही त्यांचाच. त्या माणसाचं नाव कळवायचं आहे. आणि शेवटी एक प्रश्न, तो कौमुदीने मोठ्याने मराठीत सांगितला — घरातल्या आणखी कोणी पैसे दिलेत का?

मी हसलो. म्हटलं, आता आणखी कोण राहिलं?

स्वयंपाकघरात जुना मिक्सर सुरू झाला. चटणी तर सकाळीच वाटून झाली होती.