ह्यांची पाखरं

पौष वद्य ३, शके १८४१. तलवाडा

आज परत दुकान बंद! गिऱ्हाईक तेलाचं भांडं घेऊन दारात, अन् हे गोदेच्या काठाला. कशाला? तर पाखरं बघायला! शेजारची सुंदरबाई विचारते, "गुंडप्पाशेट आजबी न्हाईत व्हय?" काय सांगू — माझा नवरा चिखलात बसून चक्रवाक मोजतोय? माहेरी मठात अक्षरं शिकले, ती ह्या वहीपुढं रडायला!

वद्य ४

आले. धोतर चिखलानं माखलेलं. "अगं, करकोचे उतरलेत! लई हायेत!" मी म्हटलं, तूर संपली. "बरं," म्हणाले. हसू तसंच.

वद्य ८

हट्टच धरला — तूबी चल. पहाटे गाडी जुंपली. हाडं खिळखिळी झाली. नदी ओसरलेली, नुसता गाळ. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. माझं चांदीचं जोडवं रुतून गेलं! शोधायला वाकले, तर हे — "श्श! उडतील." शिंकले तर डोळे वटारले. जोडवं गेलं ते गेलंच.

दुपारी करकोचे जवळ आले. राखाडी अंग, काळी मान, कानामागं पांढरा तुरा. अन् नाचायलाच लागले की! भाकरी हातात तशीच राहिली. ह्यांना काही बोलले नाही. डोक्यावर बसतील.

वद्य ११

हैदराबादचे कुणी नवाब शिकारीला येणार. शिपाई दारात — "गुंडप्पा, पाखरं कुटं बसत्यात ते तुला ठावं हाय. दावायचं." हे म्हणाले, "जी." नुसतं जी! मी म्हटलं, न्हाई म्हणा की! "कसं म्हनू?" जेवले नाहीत. लई राग आला मला. एवढं माणूस भित्रं असावं?

वद्य १३

मीही गेले. शिपाई खेकसला, "बाई कावून आनली बे?" "भाकऱ्या थापायला," म्हणाले हे. सहा बंदुका. गावची पंधरा-वीस माणसं पाखरं हाकायला धरून आणलेली. ह्यांनी मान खाली घालून जागा दाखवली आणि हे मागं, मी भाकऱ्या थापत होते त्या झुडपाशी येऊन उभे राहिले.

बंदुका वर झाल्या. कसं झालं कळलं नाही — मी पिठाची परात उचलली अन् उलथन्यानं बडवली. बडवतच राहिले! अख्खा काठ उठला. आभाळ दिसेना. बार झाले, पण एक पाखरू पडलं नाही!

"कोन हाय बे?" शिपाई ओरडत आला. परात गाळात गेली होती. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकाही माणसानं तोंड उघडलं नाही.

पौष अमावस्या

सकाळी दोन शिपाई आले. "परात कोनी वाजवली?" मी बोलणारच होते — बोलणार होते का? ह्यांनी वहाणा घातल्या. म्हणाले, "मी."

ह्यांना गेवराईच्या चौकीवर नेलं. मी उंबऱ्यातच उभी राहिले.