बांध मी फोडला

मु. जामसर, संस्थान जव्हार
चैत्र वद्य पंचमी, शके १८३४

चिरंजीव लाडक्यास थोरला भाऊ बुध्या याचा आशीर्वाद.

इकडं बरं आहे. तुझी वहिनी नवशी खोकते, पण माझ्यावर ओरडण्यापुरता आवाज शाबूत आहे. तू घरजावई होऊन खालच्या पाड्यावर गेलास तेव्हा मी रुसलो, ते आता सोड. गुळाच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेली अक्षरं आहेत, सांभाळून घे.

मीठ विकायला आलेल्या इदरीसनं तुमची पाच गुरं मेल्याचं सांगितलं. तुमच्या पाड्यावरच्या मंगळीची नजर लागली म्हणून अवसेला तिला पाड्याबाहेर काढणार, हेही सांगितलं.

लाडक्या, पंधरवड्यामागं आम्ही डोहाला बांध घातला, शेराच्या झाडाचा विषारी चीक कालवून मासे धरले. रीत तुला ठाऊक आहे. चीक विरेपर्यंत बांध राखायचा, गुरं वळवायची. राखण माझ्याकडं होती. उन्हात बसवेना. तिसऱ्याच दिवशी बांध फोडला. पाणी डोंगराच्या धारेपलीकडं रानात जिरतं, असं जन्मभर धरून चाललो होतो. आपल्या दारचा केर लोटला, कुणाच्या दारात गेला ते पाहिलं नाही.

इदरीसचं ऐकलं आणि ओहोळाच्या काठानं चालत सुटलो. वळणावळणाला वाळलेले मासे. ओहोळानं डोंगराला वळसा घातला आणि मला तुमच्याच पाणवठ्यावर आणून सोडलं.

तिथं एक म्हातारी भेटली. "कुणाकडचा रं पावना? लई दमलास."

"वाट चुकलो, बाय."

तिनं आंबील दिली. म्हणाली, "गुपचूप पी. मंगळीच्या हातचं प्यालास कळलं तर तुलाबी हाकलतील."

मी प्यालो. तुझं घर समोर दिसत होतं. तसाच माघारी फिरलो. बांध मी फोडला, हे तिला सांगितलं नाही.

हे पत्र इदरीस वाचून दाखवील. एकटा ऐकू नकोस. सगळ्या पाड्याला बसव, मंगळीला पुढं बसव. गुडघे धरलेत, तरी अवसेच्या आत मी येतो. दंड, शिव्या, जे असेल ते माझ्या पदरात घाला. इथून पुढं वर बांध घातला की खाली माणूस धाडीन, माझ्या मागंही धाडतील असं सांगून ठेवलंय.

मंगळीबायच्या पायांवर डोकं. तुला त्यानंतर.

तुमच्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहणारा,
बुध्या